पुण्याची भुरभुर आणि वायपरची कड

एप्रिल-मेमध्ये वळवाची पहिली सर येते आणि दोन मिनिटांत वायपरचं खरं रूप कळतं. काचेवर महिनाभराची धूळ, तिच्यावर दहा-वीस टपोरे थेंब, आणि वायपर फिरला की नजरेसमोर चिखलाचा अर्धगोल. ब्लेड बदलायला हवीत हे तेव्हाच मनात पक्कं होतं. ते बऱ्याचदा बरोबरही असतं. पण दुकानात नेमकं काय मागायचं, आणि नवी ब्लेड बसवूनही काच नीट पुसली गेली नाही तर दोष कुठे शोधायचा, तिथे अनेकांची गाडी अडते.

आख्ख्या ब्लेडमध्ये पुसण्याचं काम करते ती रबराच्या पट्टीची तळाची कड, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. ही कड काचेवर सरळ उभी नसते. वायपर ज्या दिशेने जातो तिच्या उलट बाजूला ती साधारण ४५ अंशांनी झुकते आणि तिचा एकच कोपरा काचेला टेकतो. वायपर परत फिरला की कड पलटते आणि दुसरा कोपरा कामाला लागतो. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर तासाभरात ही पलटी ५४०० वेळा होते. रबर मऊ असेपर्यंत ते सहज चालतं. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक झालं, किंवा गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहून कड एकाच बाजूला वाकून बसली, की ती पलटायची थांबते. मग ब्लेड काचेवरून घसरण्याऐवजी उड्या मारत जातं. जाताना थडथड आणि येताना शांत, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच कडेवर घ्यावा. दुसरा संशय वायपरच्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर. धुताना धक्का लागून आर्म किंचित पिळला गेला तरी कडेचा कोन बिघडतो, आणि मग कितीही महाग ब्लेड लावलं तरी थडथड जात नाही.

पुणेकर गाडीवाल्याला एक गोष्ट उलटी वाटेल. ताम्हिणीतल्या धो-धो पावसापेक्षा शहरातली जुलैची भुरभुर वायपरला जास्त जड जाते. मोठ्या पावसात रबर आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा सलग थर असतो, कड त्याच्यावरून अलगद सरकते. भुरभुरीत काच अर्धी ओली, अर्धी सुकत आलेली असते. या अवस्थेत रबर काचेला चिकटू पाहतं. घर्षण पूर्ण ओल्या काचेच्या कित्येक पट होतं. चिकटणं, सुटणं, पुन्हा चिकटणं, या झटापटीचा आवाज म्हणजे ती करकर. म्हणून भुरभुर असताना वायपर सतत चालू न ठेवता थांबून-थांबून फिरणाऱ्या वेगावर ठेवावा. दोन फेऱ्यांच्या मध्ये काचेवर पुरेसं पाणी जमू द्यावं.

आता खरेदी. लांबी मोजायची ती रबराची, टोकापासून टोकापर्यंत, आणि दोन्ही बाजूंची वेगवेगळी, कारण आपल्याकडे बहुतेक गाड्यांत चालकाच्या म्हणजे उजव्या बाजूचं ब्लेड मोठं असतं. दुकानात आकडे इंचांत सांगतात: १६ इंच म्हणजे साधारण ४०० मिलिमीटर, २० म्हणजे ५००, २४ म्हणजे ६००. ‘एक इंच मोठं घ्या, जास्त काच पुसेल’ हा सल्ला ऐकू नये. मोठं ब्लेड शेजारच्या ब्लेडला किंवा काचेच्या कडेच्या पट्टीला आपटू शकतं, आणि आर्मचा तेवढाच दाब जास्त लांबीवर पसरल्याने दर सेंटिमीटरला कमी मिळतो. हा दाब सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम लागतो, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ब्लेडला ९०० ग्रॅमच्या आसपास. सामान तोलायचा हुकाचा काटा आर्मला जिथे ब्लेड जोडलं आहे तिथे अडकवून काचेपासून जेमतेम वर ओढा. काटा निम्म्यावरच राहिला तर आर्मची स्प्रिंग थकली आहे.

लांबीनंतर जोड. जुन्या-नव्या असंख्य गाड्यांत आर्मचं टोक इंग्रजी ‘यू’सारखं वळवलेलं असतं, हुकाची पट्टी ९ मिलिमीटर रुंद आणि ३ किंवा ४ मिलिमीटर जाड. बाकीच्यांत बाजूने पिन किंवा बटणाची क्लिप येते. नाना पेठेत किंवा घराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना जुनं ब्लेड सोबत न्यावं, निदान जोडाचा फोटो तरी. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचावं. दोन वर्षं फळीवर पडलेलं रबर नवं म्हणून घेण्यात अर्थ नाही.

सांगाड्याचं ब्लेड घ्यावं की चपटं? सांगाड्याच्या ब्लेडमध्ये मोठ्या तराजूच्या दोन्ही टोकांना छोटे तराजू टांगावेत तशी रचना असते. आर्मचा दाब वाटत वाटत तो रबरावर सारखा पोचतो, त्यामुळे बाकदार काचेवर ते स्वतःला जुळवून घेतं. दोष एवढाच की सांध्यांत धूळ बसली की ते आखडतात. चपट्या ब्लेडमध्ये सांधे नाहीत, आत आधीच वाकवलेली स्टीलची पट्टी असते, आणि द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ते कमी उचललं जातं. पण त्या पट्टीचा बाक तुमच्या काचेच्या बाकाशी जुळला पाहिजे. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं चपटं ब्लेड लावून वायपर मधोमध थांबवा आणि दोन्ही टोकं बघा. फट दिसली तर परत करा. रबरात साधं ग्रॅफाइट लावलेलं नैसर्गिक रबर दर वर्षी मेअखेरीस बदललं तर पुण्याला पुरतं. दिवसभर उघड्यावर तापणाऱ्या गाडीला महागडं सिलिकॉन शोभतं, मात्र काच मळकी असेल तर तेही करकरतं.

बसवण्याआधी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ब्लेड काढलेला धातूचा आर्म सुटून आपटला तर काचेला तडा जातो, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कित्येक पट खर्च येतो. ज्या गाड्यांत आर्म बॉनेटखाली दडलेले असतात तिथे आधी पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वायपर वरच्या स्थितीत आणा. हुकाच्या जोडात मधली चिमटी दाबून ब्लेड आर्मच्या बुडाकडे ओढलं की सुटतं. नवं उलट दिशेने सरकवा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत, आणि मग ओढून खात्री करा.

तरीही पुसलं जात नसेल तर काचेकडे वळा. माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. एकच बारीक रेघ राहते तेव्हा कडेला चीर पडलेली असते किंवा कण चिकटलेला असतो. रुंद पट्टा कोरडा न होता राहिला तर दाब सारखा नाही. रात्री समोरच्या दिव्यांभोवती धुकट तवंग दिसला तर काचेवर तेलाचा थर आहे. तो धुरातून येतो, आणि सोसायटीत सकाळी पॉलिशचंच फडकं काचेवरही फिरतं तिथूनही. भांड्याच्या साबणाने काच धुवा, स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर काच स्वच्छ, थेंब-थेंब होऊन थांबलं तर पुन्हा धुवा. रबर ओल्या फडक्याने पुसायचं. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये, त्याने रबर फुगतं.

काच धुळीने भरलेली असताना वायपर कोरडा कधीच फिरवू नये. इथल्या बांधकामांवरची क्रश सँड म्हणजे बसाल्टचा चुरा. त्यातली खनिजं काचेइतकी किंवा तिच्याहून थोडी कठीण असतात आणि अर्धगोल चरे पाडतात. ते चरे ब्लेड बदलून जात नाहीत. वायपरच्या टाकीतही बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी भरलं तर काचेवर पांढरे डाग आणि फवाऱ्याच्या भोकांत क्षार बसतात. आरओ यंत्राने बाहेर टाकलेलं पाणी तर याहून वाईट, त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. यंत्रातून प्यायला येतं ते पाणी भरावं. डाग पडलेच तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी फडक्यावर घेऊन पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

मागच्या काचेचा वायपर तेवढा विसरू नका. तो १० ते १४ इंचांचा असतो, त्याची क्लिप बहुधा त्या-त्या गाडीची स्वतःची असते, आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्याच काचेवर बसतो.