अडिंक्रा

अडिंक्रा : घानाच्या दक्षिण व मध्य भागात आणि त्याला लागून असलेल्या आयव्हरी कोस्टच्या पूर्व पट्ट्यात राहणाऱ्या आकान लोकांची पारंपरिक चिन्हे, तसेच ही चिन्हे ज्यावर उमटवतात ते वस्त्र. दोहोंना एकच नाव आहे. आकानांत असान्ते (अशांटी), बोनो, फान्ती असे अनेक गट येतात. अडिंक्राची परंपरा मुख्यतः असान्ते आणि जामान राज्याचे बोनो यांची. प्रत्येक चिन्हाला नाव असते आणि बहुतेक नावांमागे आकानांच्या ट्वी भाषेतली एखादी म्हण असते. ती म्हण ठाऊक नसेल तर नुसत्या आकृतीवरून अर्थ लागत नाही. म्हणून ह्या चिन्हांना चित्रलिपी म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.

उगम : प्रचलित कथा अशी. जामानचा राजा नाना कोफी अडिंक्रा याने असान्त्यांच्या सुवर्णासनाची प्रतिकृती करून घेतली. सुवर्णासनात साऱ्या राष्ट्राचा आत्मा वसतो अशी असान्त्यांची श्रद्धा असून त्यावर खुद्द राजाही बसत नाही. असान्ते राजा ओसेई बोन्सू याने जामानवर स्वारी केली. सु. १८१८ मध्ये जामानचा पाडाव झाला आणि अडिंक्रा मारला गेला. त्याच्या अंगावरचे नक्षीचे वस्त्र जेत्यांनी नेले आणि त्याच्या मुलाने असान्त्यांची राजधानी कुमासी हिच्याजवळच्या असोक्वा येथे ही कला शिकवली, असे सांगतात.

ह्या कथेला अडचण आहे ती एका वस्त्राची. १८१७ मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर कुमासीला गेलेल्या टॉमस एडवर्ड बाउडिचने तेथून आणलेले अडिंक्रा वस्त्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातमागावरच्या अरुंद पट्ट्या शिवून ते केले आहे आणि त्यावर सुमारे १५ प्रकारची चिन्हे आहेत. त्यांत तारे आहेत, डमरूच्या आकाराच्या ‘डोनो’ ढोलांची जोडी आहे. म्हणजे युद्धाच्या आदल्या वर्षीच कुमासीत ही कला चांगली रुळलेली होती. बाउडिचने १८१९ मध्ये छापलेल्या वृत्तांतात शोकवस्त्रे कोंबडीच्या पिसाने रंगवतात आणि नक्षी इतकी नेमकी असते की लांबून छापील वाटते, असे लिहिले आहे. त्या वर्णनात पीस आहे, ठसा नाही. पिसाची रेघ आणि ठसा दोन्ही एकाच वेळी चालत असावेत, असे मानणे सयुक्तिक दिसते. यानंतरचे जुने वस्त्र १८२५ चे असून ते नेदर्लंड्समधील लायडनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मध्यभागी डच राजचिन्ह आहे, तेव्हा ते राजा पहिला विल्यम याच्यासाठी करवून घेतले असावे.

दुसरे मत शब्दाच्या व्युत्पत्तीवर उभे आहे. ट्वीमध्ये ‘न्क्रा’ म्हणजे निघताना ठेवलेला निरोप आणि ‘क्रा’ म्हणजे आत्मा. न्यामेकडून (परमेश्वराकडून) आलेला हा अंश मृत्यूनंतर त्याच्याकडे परततो. मृताला निरोप देताना पांघरायचे वस्त्र ते अडिंक्रा, ही फोड वस्त्राच्या जुन्या वापराशी जुळते आणि तिला बाउडिचच्या वस्त्राची अडचण येत नाही. तरी जामानचा दुवा सोडून देता येणार नाही. जामानमधील बोन्दुकू हे मुसलमान व्यापाऱ्यांचे मोठे केंद्र होते आणि कुमासीच्या दरबारातही मुसलमानांचा वावर होता. वस्त्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात एकच चिन्ह भरण्याची रीत अरबी ताईतांच्या चौकटींशी मिळतीजुळती आहे, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. राजाचे नाव वस्त्राला मिळाले की वस्त्राचे राजाला, ह्याचा निर्णय झालेला नाही. कथेतला युद्धाचा भाग ऐतिहासिक असून कलेच्या ‘शोधा’चा भाग मागाहून जोडला गेला असावा.

रंग व ठसे : कुमासीच्या ईशान्येस सुमारे २० किमी.वरचे न्टोन्सो हे आज ह्या कामाचे प्रमुख गाव. रंगासाठी ‘बादिए’ झाडाची साल लागते. सह्याद्रीतला असाणा ह्याच झाडाच्या प्रजातीतला. साल भिजवून उखळात कुटतात, उकळतात, गाळतात आणि पुन्हा उकळून पाकासारखी दाट करतात. पूर्वी त्यात लोहकीट टाकत. ह्या काळ्या, चकचकीत द्रवाला ‘अडिंक्रा अदुरू’ म्हणतात. अदुरू म्हणजे औषध. ठसा वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचा असतो. तळहाताएवढा तुकडा घेऊन कोरतात आणि मागे काड्यांची मूठ बांधतात. कवटीला मुळातच बाक असल्यामुळे ठसा सरळ न दाबता किंचित डोलवत टेकवावा लागतो. तसे केले तरच कडा पूर्ण उमटतात. त्याआधी लाकडी फणी रंगात बुडवून समांतर रेघांनी चौकोन आखून घेतात. हे वस्त्र धुण्यासाठी नसते.

शोकाच्या प्रसंगी वस्त्राची जमीन तांबडी (कोबेने), तपकिरी (कुन्तुनकुनी) किंवा काळी (ब्रिसी) असते. पांढऱ्या वा उजळ रंगाच्या वस्त्राला ‘क्वासियादा अडिंक्रा’, म्हणजे रविवारचे अडिंक्रा, म्हणतात व ते आनंदाच्या प्रसंगीही वापरतात.

चिन्हे व मूल्ये : ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आर. एस. रॅट्री याने १९२७ मध्ये ५३ चिन्हे नोंदवली. त्यानंतर संख्या वाढत गेली असून मर्सिडीज-बेंझचे बोधचिन्हही त्यांत जमा झाले आहे. ‘ज्ये न्यामे’ (न्यामेवाचून नाही) सर्वांत जास्त दिसते. सृष्टीचा आरंभ कोणी पाहिला नाही, अंत कोणी पाहणार नाही, न्यामे सोडून, ह्या आशयाची म्हण त्यामागे आहे. त्याची आकृती मात्र कोणत्या वस्तूची, यावर एकमत नाही. ‘ज्वेनिमेन’ म्हणजे एडक्याची शिंगे. त्यांत बळ आणि नम्रता एकत्र येतात. ‘आया’ म्हणजे नेचा, पण त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘मी तुला भीत नाही’ असा होतो, हे रॅट्रीने टिपले आहे. कोंबडीचा पाय सांगतो की कोंबडी पिलांवर पाय देते, पण त्यांना मारत नाही. आईबापांच्या धाकाविषयी इतक्या थोडक्यात इतके नेमके क्वचितच कोणी म्हटले असेल.

‘फुन्तुनफुनेफू’ हे चिन्ह जरा थांबून पाहण्यासारखे आहे. दोन मगरी एकमेकींना छेद देऊन आडव्या पडल्या आहेत. डोकी दोन, शेपट्या दोन, पण मधले पोट एकच. घास कोणीही गिळला तरी जातो त्याच पोटात. तरीही दोघी भांडतात, कारण चव घशाशी कळते आणि घसे दोन आहेत. एका कुळाची मिळकत आणि माणसाची हाव, दोन्ही ह्या आकृतीत आहेत. राज्यकारभारात एकोपा हवा, असा अर्थही तिच्यातून काढतात.

‘संकोफा’ (मागे जा आणि घेऊन ये) मान वळवून पाठीकडे पाहणाऱ्या पक्ष्याच्या किंवा हृदयासारख्या आकृतीत काढतात. विसरलेले परत आणण्यात काही वावगे नाही, ही त्यामागची म्हण. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये आफ्रिकी लोकांची अठराव्या शतकातील दफनभूमी सापडली. तेथील एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी काढलेली हृदयाकृती संकोफा म्हणून ओळखली गेली आणि पुढे तेथील स्मारकावरही आली. इतिहासकार एरिक सीमन यांनी २०१० मध्ये ह्यावर शंका घेतली. संकोफाचा पक्का पुरावा विसाव्या शतकाआधी मिळत नाही आणि खिळ्यांची हृदये युरोपीय शवपेट्यांवरही असत, हे पाहता त्यांचा आक्षेप वजनदार आहे. स्मारकाला भेट देणाऱ्या वंशजांना त्या चिन्हातून जे मिळते, ते मात्र ह्या वादाने उणे होत नाही.

घानाने १९८५ च्या व नंतर २००५ च्या कायद्याने अशा रचना लोकवारशात धरल्या असून दुसऱ्या कायद्याने त्यांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत. परदेशी गिरण्यांतल्या छापील नकला त्यामुळे थांबलेल्या नाहीत. न्टोन्सोत आता स्क्रीनप्रिंटनेही चिन्हे छापली जातात, पण भोपळ्याचे ठसे कोरणारे कारागीर तेथे अजून आहेत.