सेमिनारचा कागद आणि ग्रेडिंगची सॅश

मे महिन्यात बेळगावात उन्हाळी शिबिरांचा हंगाम असतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या कुंग फू क्लासच्या दारात एक ठरलेला प्रश्न येऊन उभा राहतो. यंदा तो अनगोळच्या एका वडिलांनी विचारला. हातात लॅमिनेट केलेली दोन सर्टिफिकेटं होती. "सर, पोरानं दोन सेमिनार केलेत की. खरं, अजून पांढऱ्यावरच का ठेवलाय?" (बेळगावबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडचं हे 'खरं' म्हणजे 'पण'. आणि पांढरं म्हणजे पांढरी सॅश, कमरेला बांधायची पट्टी, सगळ्यात खालची पायरी.)

चूक त्यांची नाही. सेमिनारचा कागद आणि ग्रेडिंगचा, म्हणजे पुढच्या सॅशच्या परीक्षेचा कागद, दिसायला सख्खे भाऊ. सोनेरी किनार, कोपऱ्यात ड्रॅगन, लाल शिक्का आणि मधल्या रेघेवर पेनानं लिहिलेलं मुलाचं नाव. फरक मजकुराच्या एका शब्दात असतो आणि तो शब्द सहसा सगळ्यात बारीक अक्षरात छापलेला असतो. एकावर 'सहभाग', दुसऱ्यावर 'उत्तीर्ण'.

सेमिनार म्हणजे काय ते आपल्याकडच्या तालमीच्या भाषेत लगेच कळतं. एखादा नावाजलेला पैलवान गावात येतो, सकाळी तालमीत उतरतो आणि पोरांना ढाक किंवा घिस्सा कसा लागतो ते दोन-तीनदा करून दाखवतो. पोरं डोळे फाडून बघतात, माती लावून करून बघतात. तो जेवून निघून जातो. त्या दिवशी कोणी पैलवान झालेलं नसतं, पण डाव बघितलेला असतो. कुंग फूचा सेमिनारही असाच. बाहेरचे सिफू, म्हणजे मास्तर, येतात, शाळेच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात चाळीस-पन्नास मुलं जमतात, दिवसभरात एखाद्या फॉर्मचा (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचा) तुकडा, पकडीतून एखादी सुटका, थोडं चि साओ शिकवलं जातं. चि साओ हा विंग चुन या कुंग फूच्या शैलीतला हाताला हात चिकटवून समोरच्याचा जोर ओळखायचा सराव. दर दहा मिनिटांनी जोडीदार बदलतो. संध्याकाळी फोटो, आणि मग कागद. हजर राहिलेल्या प्रत्येकाला मिळतो, कारण तो हजेरीचाच असतो.

आता तालमीत ग्रेडिंग कुठे असतं? वस्ताद कमरेला रंगीत पट्टा बांधत नाहीत. पण पायऱ्या आहेतच. बारकी पोरं जत्रेच्या फडात रेवड्यांवर लढतात, मग नारळावर, मग दहा-वीस रुपयांवर. पंच बघून जोड लावतात. पुढे इनाम वाढत जातं आणि एखाद्याची एक नंबरची निकाली कुस्ती लागते. आनंदवाडीच्या आखाड्यात बसलेल्या म्हाताऱ्या शौकिनाला कोण कुठल्या पायरीवर आहे हे सर्टिफिकेट न बघता कळतं. मातीच परीक्षा घेते.

कुंग फूच्या क्लासमध्ये असा फड रोज भरत नाही, म्हणून परीक्षा वेगळी घ्यावी लागते. तेच ग्रेडिंग. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसाआधीच निम्मं ग्रेडिंग झालेलं असतं. मुलगा नेमानं येतो का, आल्यावर वॉर्मअप टाळतो का, लहानांना मारताना हात आवरतो का, हे सगळं रोज दिसत असतं. ज्याला बसवायचं त्यालाच बसवतात. त्या दिवशी पहिली गोष्ट माबू, म्हणजे घोडेस्वाराची बैठक. मांड्या खाली, पाठ सरळ, टाचा जमिनीला, गुडघे बोटांच्या दिशेला. पहिलं मिनिट सगळेच छान बसतात. परीक्षक बघतो ते नंतर, मांड्या थरथरायला लागल्यावर. गुडघे आत पडतात का? मुलगा कंबर मागे काढून पायांचा भार चोरतो का? थकल्यावर उरते ती खरी बैठक.

मग फॉर्म. पाठ केलेला फॉर्म आणि येणारा फॉर्म यांतला फरक काढायला परीक्षकांच्या जुन्या युक्त्या आहेत. रोज ज्या भिंतीकडे तोंड करून मुलं सराव करतात तिच्याकडे पाठ करून उभं करायचं. मधूनच थांबवायचं आणि तिथूनच पुढे न्यायला सांगायचं. एखाद्या हालचालीवर बोट ठेवून विचारायचं, हा हात इथे का येतो, समोर कोण आहे? घोकलेल्या पोराची गाडी इथे थांबते, पाढे मधून विचारल्यावर थांबते तशी. त्यानंतर पॅडवर ठोसे-लाथा आणि शेवटी हलकं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. त्यात कोण जिंकलं याला फारसे गुण नसतात. दोन राउंडनंतर हात हनुवटीवरून खाली आले का आणि समोरचा घसरल्यावर लाथ थांबवता आली का, हे लिहिलं जातं.

नापासाला आम्ही 'पुन्हा' म्हणतो. हा शब्द ज्या क्लासमध्ये कधीच ऐकू येत नाही, तिथल्या ग्रेडिंगबद्दल मला शंका येते.

हा पट्ट्यांचा प्रकार मुळात चिनी नाहीच, हे पालकांना सांगितलं की ते चमकतात. ज्युदोचे कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला 'दान' दिला. (हा जपानी शब्द, अर्थ पायरी.) दानाची कल्पना त्यांनी 'गो' या पटावरच्या खेळातून घेतली. कराटेत फुनाकोशींनी पहिले दान १९२४ मध्ये दिले. रंगीत पट्टे युरोपात रुळवले ते ज्युदोचे शिक्षक कावाइशी यांनी, १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये. चीनमधल्या जुन्या शाळांत सॅश ही कमर आवळायची पट्टी होती. तुम्हाला पुढचा फॉर्म शिकवला, हीच बढती. विंग चुनमध्ये सिउ निम ताओ झाल्यावर चुम किउ, मग बिउ जी, आणि लाकडी पुतळा. विंग चुनचे नावाजलेले गुरू इप मान यांनी कोणाला पट्टे वाटले नाहीत. चिनी वुशू (चिनी युद्धकला) संघटनेनं पायऱ्यांची दुआन पद्धत आणली ती थेट १९९८ मध्ये. नऊ पायऱ्या, पहिल्या तीन गरुडाच्या, मधल्या तीन वाघाच्या, वरच्या तीन ड्रॅगनच्या.

आपल्याकडच्या क्लासमध्ये तर जपान आणि चीन एकाच मॅटवर नांदतात. मास्तर 'सिफू', हुकूम जपानी 'हाजिमे' (सुरू) आणि 'यामे' (थांबा), मोजणी कधी जपानी तर कधी चिनी. 'तीन'ला दोन्हीकडे 'सान'च म्हणतात, तेवढ्यापुरती सोय. पालक सॅशला बेल्टच म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडलंय.

यातून निघणारी अडचण मात्र गंभीर आहे. कुंग फूचं ग्रेडिंग बघणारी सगळ्यांवरची एकच संस्था नाही. त्यामुळे टिळकवाडीतली हिरवी आणि निपाणीतली हिरवी एकसारखी असेलच असं नाही. सॅशचं वजन ती देणाऱ्या शाळेच्या शिस्तीइतकंच. वुशूच्या स्पर्धांचं तसं नाही. तिथे ताओलूला, म्हणजे फॉर्मच्या सादरीकरणाला, पंच गुण देतात आणि सांदा या प्रकारात वजनी गटात लढत होते. हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोशिबिना देवीनं २०२३ मध्ये सांदाच्या ६० किलो गटात रौप्य मिळवलं ते लढतीवर. म्हणून कॉलेजच्या क्रीडा कोट्याची स्वप्नं बघणाऱ्या पालकांना मी आधीच सांगतो : तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी बघतात. सॅशचा रंग तिथे उपयोगी नाही, आणि सेमिनारचा कागद तर त्याहून नाही.

सेमिनार आणि ग्रेडिंग एकाच दिवशी उरकणारेही असतात. विशीत मी स्वतः त्यात सापडलो. दोन दिवसांचा सेमिनार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'जे थांबतील त्यांचं ग्रेडिंग', वेगळी फी. मला दोन पायऱ्या वरची सॅश मिळाली. त्या परीक्षकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, तेही साठ जणांच्या गर्दीत. सोमवारी ती बांधून क्लासला गेलो तर माझ्या सरांनी काहीच म्हटलं नाही. फक्त त्या रंगाच्या पोरांसमोर स्पारिंगला उभं केलं. ती सॅश अजून ट्रंकेत आहे.

तरी सेमिनार बिनकामाचे आहेत असं मी म्हणणार नाही. रोज त्याच जोडीदारासोबत हात केला की अंगाला त्याचीच सवय लागते. त्याचा जोर कुठून येतो ते पाठ होतं. बाहेरचा हात लागला की ती सवय उघडी पडते. बाहेरचा डोळाही हवा. माझा उजवा खांदा ठोशाआधी वर उचलला जातो हे दहा वर्षं आमच्या क्लासमध्ये कोणाला दिसलं नव्हतं, एका सेमिनारात पहिल्या पंधरा मिनिटांत दिसलं. पण हे कळायला आधी काहीतरी अंगात बसलेलं लागतं. पांढऱ्यावरच्या पोराला सेमिनारला पाठवणं म्हणजे बाराखडी न आलेल्याला कीर्तनाला बसवण्यासारखं. मजा येते, टाळ्या वाजवतो. माझं मत विचाराल तर पिवळी झाल्यावर वर्षाला एक सेमिनार पुरे, आणि त्यानंतरचा महिनाभर तिथलाच एखादा तुकडा घासायचा.

अनगोळच्या त्या मुलाला आम्ही श्रावणात ग्रेडिंगला बसवलं. बाहेर धो धो पाऊस, हॉलमध्ये ओल्या मॅटचा वास. माबू बरी झाली, सेमिनारात शिकलेली सुटकाही त्यानं झकास करून दाखवली. फॉर्मला मात्र खिडकीकडे तोंड करून उभं केल्यावर सातव्या हालचालीला अडकला, वळून रोजच्या भिंतीकडे बघितलं आणि हसला. 'पुन्हा' लिहिलं. वडिलांनी घरी जाऊन पलंगच फिरवून ठेवलाय म्हणे, सरावाला दुसरी भिंत मिळावी म्हणून. दिवाळीनंतर परत बसेल.