पीएलसीचं लॉजिक आणि स्काडाचा स्क्रीन: कोणतं काम कुठे लिहायचं?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ‘ऑटोमेशन सॉफ्टवेअर’ची जागा निघते, तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा दोन वेगळी कामं असतात. एक पीएलसीत, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमध्ये, लॉजिक लिहिण्याचं; दुसरं स्काडा (प्लँटवर कॉम्प्युटरवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा एचएमआयचे (मशीनजवळच्या ऑपरेटर पॅनेलचे) स्क्रीन करण्याचं. लॅपटॉप तोच, माणूस तोच, कित्येकदा सॉफ्टवेअरही तेच. त्यामुळे नवख्या इंजिनिअरला सगळं एकच वाटतं. पण पीएलसीत असायला हवं ते स्काडात लिहिलं गेलं, तरी ट्रायल व्यवस्थित पार पडते. दोष उघडा पडतो तो नेटवर्कची केबल सैल झाल्यावर.

कोल्हापुरात दूध कमी नाही, तेव्हा उदाहरण पाश्चरायझरचंच घेऊ. दूध किमान 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद राहिलं पाहिजे. होल्डिंग ट्यूबच्या शेवटी तापमानाचा सेन्सर असतो. तापमान घसरलं की डायव्हर्शन व्हॉल्व्हने दूध पुढे न सोडता सुरुवातीच्या बॅलन्स टँकमध्ये परत वळवायचं. ही तुलना स्काडाच्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीत लिहिता येते आणि ती चालतेही. मात्र स्काडा तापमानाचा टॅग (पीएलसीतल्या किमतीला दिलेलं नाव) साधारण सेकंदाला एकदा वाचतो, स्क्रिप्ट विंडोजवर चालते आणि विंडोजला मधेच अपडेट सुचतं. ताशी 5,000 लिटरच्या प्लँटमध्ये सेकंदाला जवळपास 1.4 लिटर दूध जातं. पाच सेकंद उशीर झाला तर सात लिटर अर्धवट तापलेलं दूध पाश्चराइज्ड टँकमध्ये मिसळतं आणि टँकमधलं सगळं दूध पुन्हा पाश्चराइज करावं लागतं. म्हणून तुलना पीएलसीतच हवी. व्हॉल्व्हही असा निवडायचा की हवा किंवा वीज गेली तर स्प्रिंगने आपोआप डायव्हर्टला जाईल. स्काडाने फक्त दाखवायचं आणि नोंद ठेवायची. सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) स्क्रीनवरून बदलू द्यायचा असेल तर किमान मर्यादाही पीएलसीत बांधायची. रात्रपाळीला कुणी 72 ऐवजी 27 टाइप केलं तरी तो आकडा लागू होता कामा नये.

ग्राफिक्सकडून किंवा गेम प्रोग्रॅमिंगकडून येणाऱ्याला पीएलसी ओळखीचा वाटतो, कारण दोन्हीकडे फिरत राहणारी एकच लूप असते. सेकंदाला 60 फ्रेम काढायच्या तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. पीएलसीचा स्कॅनही (इनपुट वाचणं, प्रोग्रॅम चालवणं, आउटपुट देणं अशी एक फेरी) काही मिलिसेकंदांपासून काही दहा मिलिसेकंदांत संपतो. फरक आहे तो चूक किती महागात पडते यात. एखादी फ्रेम सुटली तर डोळ्याला कळतही नाही. पीएलसीत मात्र सरासरी वेळेला अर्थ नाही, सर्वांत लांबलेला स्कॅन मोजायचा. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये स्कॅनची कमाल मर्यादा मुळात 150 मिलिसेकंद ठेवलेली असते. ती ओलांडली की एरर येतो आणि सीपीयू स्टॉपलाही जाऊ शकतो.

सी किंवा पायथन शिकून आलेली मुलं इथे हमखास एक चूक करतात: लिमिट स्विच (भाग ठरलेल्या जागी पोचला की दाबला जाणारा) लागेपर्यंत व्हाइल लूपमध्ये थांबायचं. पीएलसी इनपुट स्कॅनच्या सुरुवातीला एकदाच वाचून ठेवतो आणि मग त्या साठवलेल्या किमतींवर प्रोग्रॅम चालवतो. स्विच प्रत्यक्षात दाबला गेला तरी लूपला जुनाच शून्य दिसतो, लूप संपत नाही आणि वॉचडॉग (स्कॅनच्या कमाल वेळेवरचा पहारेकरी) मशीन थांबवतो. थांबणं हवं असेल तर स्टेप नंबर ठेवायचा, टायमर लावायचा आणि दर स्कॅनला एकदा तपासून पुढे जायचं.

आता स्क्रीनकडे. इथलं काम नुसतं चित्रकलेचं नाही. पंप हिरवा दाखवायचा तो कशाच्या आधारावर? बरेच जण तो पीएलसीच्या आउटपुट बिटला जोडतात. ओव्हरलोड रिले (मोटरवर जादा भार आला की ती बंद करणारा) ट्रिप झाला तरी आउटपुट 1 च राहतो, म्हणजे पंप बंद आणि स्क्रीनवर हिरवा. रंग कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून घ्यायचा. आदेश देऊन दोन-तीन सेकंदांत फीडबॅक आला नाही तर पीएलसीनेच अलार्म उभा करायचा. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलं असेल तर हा कॉन्टॅक्टही खोटं सांगतो. महत्त्वाच्या पंपाला फ्लो स्विच लागतोच.

रंगांचा मोह आवरा. फिरणारे पंखे, चकाकणारे टँक ग्राहकाला पहिल्या दिवशी आवडतात. साखर कारखान्यात गाळप हंगामात ऑपरेटर आठ-आठ तास त्या स्क्रीनसमोर बसतो, त्याला बिघाड चटकन दिसला पाहिजे. 2015 च्या आयएसए-101 या एचएमआयसाठीच्या मानकाचा रोख हाच आहे. व्यवहारात त्यासाठी पार्श्वभूमी करडी ठेवतात आणि भडक रंग अलार्मसाठी राखून ठेवतात. लाल-हिरवा फरक न दिसणारे ऑपरेटर असतात, त्यामुळे रंगासोबत आकार किंवा अक्षरही बदलायचं.

दोन्ही बाजू जिथे जोडल्या जातात तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. मॉडबस हा उपकरणांमध्ये माहिती पाठवण्याचा प्रोटोकॉल 1979 सालचा, पण आजही सगळीकडे आहे. त्याचं एक रजिस्टर 16 बिटांचं, त्यामुळे 32 बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत बसते. त्यांचा क्रम उलटा वाचला तर 72.4 अंशांच्या जागी स्क्रीनवर उणे पावणेअकरा कोटींच्या आसपासचा आकडा येतो. असा अचाट आकडा दिसला की सेन्सर बदलायला धावू नका, आधी वर्ड स्वॅप (रजिस्टरांच्या क्रमाची अदलाबदल) तपासा. शेजारच्याच टॅगची किंमत येत असेल तर पत्ता एकाने चुकलाय: कागदावरचं 40001 तारेवर शून्य असतं.

स्क्रीनवरच्या जॉग बटणाचं, म्हणजे दाबून धरलं तेवढाच वेळ मशीन चालवणाऱ्या बटणाचं, वेगळं सांगायला हवं. बोट दाबलेलं असताना संपर्क तुटला तर पीएलसीतला बिट 1 वरच अडकतो आणि मशीन चालत राहतं. स्क्रीनने दर सेकंदाला बदलणारा हार्टबीट (संपर्क चालू असल्याची खूण) पाठवायचा. तो दोन-तीन सेकंद थांबला की पीएलसीने जॉग तोडायचा. जिथे एवढा वेळही धोक्याचा आहे, तिथे जॉगला खरं पुशबटणच द्यायचं. इमर्जन्सी स्टॉप तर स्क्रीनवर नकोच, तो एनसी (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टने थेट वायरिंगमध्येच.

प्लँट ताब्यात देण्याआधी पाण्यावर ट्रायल घ्या आणि चालू असताना पीएलसी व कॉम्प्युटरमधली केबल काढा. पाणी फिरत राहिलं पाहिजे, तापमान 72 च्या खाली आणलं की व्हॉल्व्ह वळला पाहिजे आणि स्क्रीनवर जुना आकडा न राहता ‘संपर्क नाही’ असं दिसलं पाहिजे. यातली एक जरी गोष्ट झाली नाही, तर कोणता कोड चुकीच्या जागी आहे ते तिथेच कळतं.