नवं-जुनं: दुष्काळातल्या कर्जाची दीडशे वर्षं

मार्चमध्ये गावातल्या सोसायटीच्या, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, ऑफिसात जाऊन बसलात तर एक शब्द हमखास कानावर पडतो, नवं-जुनं. म्हणजे गेल्या खरिपाला उचललेलं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि चार-आठ दिवसांत परत तेवढंच किंवा थोडं वाढवून उचलायचं. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य टक्के, तारीख हुकली की सवलत गेली. आता भरायला पैसे कुठून आणायचे, तर पाहुण्याकडून, अडत्याकडून, नाहीतर गावातल्याच कुणाकडून तरी आठ दिवसांच्या बोलीवर. कागदावर कर्ज फिटतं, मुद्दल आहे तिथेच राहतं. पाऊसकाळ बरा असला की हे चालून जातं, दुष्काळ पडला की सगळं उघडं पडतं, आणि ही पद्धत काही सोसायटीने शोधलेली नाही, ती पार सावकाराच्या वहीतून आलीय.

झालं असं की १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमध्ये सावकार एकरी १०० रुपयांपर्यंत उचल द्यायला लागले, मागेल त्याला. युद्ध संपलं, भाव कोसळला, उधारी बंद झाली, आणि त्याच सुमारास इंग्रज सरकारने जमिनीची फेरपाहणी करून शेतसारा वाढवून ठेवला, काही ठिकाणी दीडपट ते दुप्पट. सारा रोख भरायचा, पाऊस पडो न पडो, सूट मागायला गेलं की दारात उभं करत नसत. म्हणजे ज्या वर्षी घरात दाणा नाही त्याच वर्षी रोकड काढायची, मग परत सावकाराच्याच दारात.

आता नवं-जुनं कुठे येतं बघा. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला, कर्जरोखा तीनच वर्षं चालेल म्हणून, हेतू हा की व्याज वर्षानुवर्षं फुगू नये. सावकारांनी काय केलं, दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा द्यायचा. संरक्षणासाठी केलेला कायदाच फास झाला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांना घेरलं आणि वह्या-रोखे मागितले, जाळले. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते, लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता, कारण जमीन जाते ती कागदावरच.

पुढच्याच वर्षी, १८७६ ला, मोठा दुष्काळ आला तो १८७८ पर्यंत. मग सरकार हललं. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि रोख्यावर कितीही रक्कम लिहिलेली असली तरी मूळ व्यवहार काय होता ते कोर्ट तपासू लागलं. बरोबरच होतं ते. पण सावकारही काही गप्प बसणारा नव्हता, गहाणखत कोर्टात उघडं पडतं म्हटल्यावर तो थेट खरेदीखत करून घ्यायला लागला, पैसे दिलेस की जमीन परत, हा शब्द फक्त तोंडी. आजही बेकायदा सावकारीच्या केसेस निघतात त्यात हाच प्रकार असतो, म्हणून तर २०१४ च्या राज्याच्या सावकारी कायद्यात अशी लाटलेली जमीन परत मिळवून द्यायची तरतूद करावी लागली. तगाईचे, म्हणजे सरकारने शेतकऱ्याला द्यायच्या कर्जाचे, कायदेही तेव्हाचेच, १८८३ चा विहिरी-बांधबंदिस्तीसाठी आणि १८८४ चा बी-बैलांसाठी.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि सोसायट्या सुरू झाल्या. त्या किती पुरल्या ते १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत कळलं, ए. डी. गोरवाला समितीची ती पाहणी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही त्यात होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सोसायट्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के, सरकारचा तसाच ३ च्या आसपास, बाकी बहुतेक सगळं खाजगी, म्हणजे सावकार, व्यापारी, नातेवाईक. ५० वर्षांत ३ टक्के! तरी समितीने सहकार सोडा म्हटलं नाही, उलट सरकारने भांडवल घालून तो उभा करा म्हटलं. दुष्काळात थकलेलं पीककर्ज लांब मुदतीचं करून देता यावं म्हणून एक फंडही १९५६ ला रिझर्व्ह बँकेकडे निघाला. आज आपण ज्याला पुनर्गठन म्हणतो ते हेच. आता नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर दोन वर्षं आणि ५० च्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत हप्ते पाडून मिळतात. म्हणजे हेही नवं-जुनंच, फक्त सरकारमान्य.

मग १९७२ चा दुष्काळ. आमची आजी बहात्तरचा दुष्काळ कधी म्हणायची नाही, सुकडीचं साल म्हणायची, सुकडी म्हणजे तेव्हा वाटलेलं कोरडं खाणं, आणि लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. सलग तीन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, खडी फोडायला, पाझर तलावांवर, रस्त्यांवर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम, यातूनच उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा कुठून आणला, तर १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जे कापतात ना, ते याचंच. माझ्या मते आपल्याकडे दुष्काळावर जे काही केलं गेलं त्यात हे सगळ्यात सरळ, कारण इथे पैसा थेट माणसाच्या हातात गेला, कर्जखात्यात नाही.

पीक विम्याचं नेमकं उलटं झालं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी सत्तरच्या दशकात मांडलं की प्रत्येकाच्या रानात जाऊन नुकसान मोजत बसणं शक्य नाही, तेव्हा अख्ख्या भागाचं सरासरी उत्पन्न बघा आणि त्यावर सगळ्यांना भरपाई द्या. १९७९ ला प्रयोग झाला, १९८५ ला देशभर योजना आली, पण ती पीककर्जाला जोडून, त्यामुळे भरपाई आली की आधी बँकेचं खातं भरायचं. १९९९ ला दुसरी योजना आणि २०१६ ला पंतप्रधान पीक विमा, खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. कर्जदाराला तो घ्यावाच लागायचा, २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला. आपल्याकडे २०२३ ला एक रुपयात केला, २०२५ ला ते बंद होऊन परत हिश्श्यावर आलं.

यात मेख कुठे आहे तर उंबरठा उत्पादनात. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढायची, त्याच्या ठराविक टक्के म्हणजे उंबरठा, भागाचं उत्पन्न त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. समजा महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, उंबरठा हेक्टरी १००० किलो आणि कापणी प्रयोगात, म्हणजे नमुन्याच्या रानांत पीक कापून मोजल्यावर, ८०० निघाले, तर तूट २० टक्के, ५०,००० च्या विम्यावर १०,००० मिळणार. तुमच्या रानात २०० किलोच निघाले असले तरी तेवढेच. आणि जिथे सातातली चार वर्षं दुष्काळाचीच, तिथे चांगली पाच कुठली आणायची, तिथे उंबरठाच खाली गेलेला असतो. म्हणजे ज्याला विम्याची जास्त गरज त्यालाच भरपाई कमी.

कर्जमाफ्यांवर फार लिहीत नाही, त्यावर सगळ्यांचीच मतं पक्की असतात. १९९० ला १०,००० पर्यंत, २००८ ला केंद्राची मोठी, २०१७ ला राज्याची दीड लाखापर्यंत, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. २००८ ला पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची अट होती, त्यात विदर्भातला दहा एकर कोरडवाहूवाला बाहेर राहिला आणि चार एकर बागायतवाला बसला, हे तेव्हाच बोललं गेलं होतं. शिवाय खाजगी उसनवारी कुठल्याच माफीत येत नाही, आणि नवं-जुनं करणारा तर कागदावर नियमित कर्जदार.

या सगळ्यात शेतकऱ्याचं स्वतःचं जे होतं त्याची नोंद कुठल्या योजनेत फारशी दिसत नाही. ज्वारीत तुरीचे तास, पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, दोन वर्षांचा दाणा, माणदेशासारख्या कोरड्या भागात मेंढरं घेऊन पावसाच्या मागे जाणं. पेवं गेली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, शेळ्या तेवढ्या राहिल्या. आमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता बाजारात त्या उतरायला लागतात, ३१ मार्चच्या आत कर्ज भरायचं असतं ना. दुष्काळी साल असलं की सगळ्यांच्याच येतात, वैरणही नसते, आणि ऐन भाद्रपदात दहा हजाराला मागितलेला बोकड तेव्हा सहाला सुद्धा नाईलाजाने सोडावा लागतो.