हिरव्या शिट्टीची गोष्ट

ऑस्ट्रेलियात मैदानावर एखाद्या खेळाडूचा खांदा निखळला, की स्ट्रेचरवरून बाहेर जाताना बऱ्याचदा त्याच्या तोंडात एक हिरवी नळी असते. ती फुंकायची नसते, ओढायची असते. तरी तिकडे सगळे तिला ‘ग्रीन व्हिसल’ म्हणजे हिरवी शिट्टीच म्हणतात. आत मेथॉक्सिफ्लुरेन नावाचं ३ मिलिलिटर औषध असतं. शीर शोधा, सुई टोचा, सलाइन लावा ही कटकट नाही, आणि औषध मॉर्फिनच्या कुळातलं, म्हणजे ओपिऑइडही नाही. पण हेच औषध अमेरिकेतून मूत्रपिंडांना घातक म्हणून हद्दपार झालं.

हुंगून वेदना घालवायची कल्पना याहून बरीच जुनी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे वायू हुंगवून आजार बरे करू पाहणाऱ्या संस्थेत, हम्फ्री डेव्ही हा विशीतला पोरगा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, स्वतःवरच आजमावत होता. अक्कलदाढेपाशी हिरडी सुजली होती. चार-पाच श्वासांतच ठणका उतरला. गॅस थांबवल्यावर तो परतला, आणि डेव्हीला वाटलं की आधीपेक्षा जास्तच आहे. शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडेल, असं त्याने १८०० च्या पुस्तकात लिहून ठेवलं. कुणी लक्ष दिलं नाही. हॉरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने त्याच गॅसखाली स्वतःचा दात काढून घेतला तो १८४४ मध्ये. मधली ४४ वर्षं लोक हा गॅस करमणूक म्हणून हुंगत होते!

गॅस रुग्णाच्या हातात आला तो बाळंतपणाच्या खोलीत. लिव्हरपूलच्या रॉबर्ट मिनिट यांनी १९३०च्या दशकात नायट्रस ऑक्साइड आणि हवा मिसळणारं यंत्र बनवलं. १९३६ पासून ब्रिटनमधल्या सुइणींना ते वापरायची परवानगी मिळाली. कळ आली की बाई स्वतःच मुखवटा धरायची. खोट एकच, पण मोठी: निम्मा गॅस आणि निम्मी हवा म्हटलं की ऑक्सिजन उरतो जेमतेम १० टक्के. त्यावर मायकेल टनस्टॉल यांनी १९६१ मध्ये तोड काढली. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे, एकाच सिलिंडरमध्ये. हाच एन्टोनॉक्स. १९७० मध्ये तो ब्रिटनच्या ग्लॉस्टरशायरमधल्या अँब्युलन्समध्ये वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, म्हणजे डेव्हीच्या ब्रिस्टलच्या शेजारीच.

अँब्युलन्समध्ये मात्र त्याच्या अडचणी उघड्या पडतात. सिलिंडर जड. कडाक्याच्या थंडीत आतले दोन वायू वेगळे होतात. मग आधी नुसता ऑक्सिजन येतो आणि शेवटी जवळजवळ निव्वळ नायट्रस ऑक्साइड. शिवाय छातीला मार लागून फुप्फुसाभोवती हवा साचली असेल, तर हा गॅस त्या पोकळीत शिरून ती फुगवतो. अपघातात छातीला मार लागणं काही दुर्मीळ नाही.

आता मेथॉक्सिफ्लुरेनकडे वळू. अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी फ्लोरिनच्या रसायनांवर काम केलेल्या विल्यम मिलर यांच्या गटाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते बनवलं. १९६०च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या जोसेफ आर्टुसिओ आणि अ‍ॅलन व्हान पोझनॅक यांनी ते भुलीसाठी वापरायला सुरुवात केली. ते जबर ताकदीचं निघालं: श्वासातल्या हवेत ०.१६ टक्के एवढंसं असलं तरी माणूस भुलीखाली राहतो. पण ते चरबीत मुरतं. तासन्‌तास चाललेल्या ऑपरेशनमध्ये शरीर ते साठवत राहतं आणि नंतर यकृत त्याचे तुकडे करतं. त्या तुकड्यांत फ्लोराइड असतं.

परिणाम विचित्र होता. मूत्रपिंड बिघडलं की लघवी कमी होते, ही आपली ओळखीची गोष्ट. इथे उलटं. ऑपरेशन झालेला रुग्ण लिटरच्या लिटर पाण्यासारखी लघवी करायचा, तहानेने कासावीस व्हायचा, आणि तिकडे रक्तातली युरिया चढत जायची. १९६६ मध्ये क्रँडेल आणि सहकाऱ्यांनी हे नोंदवलं. पुढे मायकेल कझिन्स आणि रिचर्ड मॅझे यांनी १९७३ मध्ये हिशेब मांडला: किती तीव्रतेची वाफ किती तास, त्यावर इजा ठरते. पूर्ण भुलीइतकी तीव्रता साधारण दोन तासांपेक्षा जास्त झाली, की मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच. औषध वाईट की चांगलं, असं न विचारता त्यांनी ‘किती?’ असं विचारलं.

अमेरिकेने मात्र औषधच सोडलं, आणि २००५ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, ते सुरक्षिततेच्या कारणावरून मागे घेतल्याचं जाहीर केलं. ऑस्ट्रेलियात उलट घडलं. भुलीसाठी ते तिथेही मागे पडलं, पण वेदनाशामक म्हणून थोड्या मात्रेत अँब्युलन्समध्ये टिकून राहिलं; समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांपर्यंत गेलं. शिट्टीतल्या ३ मिलिलिटरमधून मिळणारी मात्रा पूर्ण भुलीच्या जेमतेम ०.३ तासाएवढी. कझिन्स स्वतः ऑस्ट्रेलियन होते, ही गंमत सांगायलाच हवी.

नळीत दिव्यासारखी वात असते. एका टोकाने औषध ओतायचं, ती ते शोषून घेते. पहिले श्वास हळू, नाहीतर खोकला येतो. वास गोडसर, पिकल्या फळासारखा. सहा ते दहा श्वासांत फरक पडू लागतो. वेदना फारच असेल तर बाजूच्या बारीक भोकावर बोट ठेवायचं, म्हणजे बाहेरची हवा कमी शिरते आणि वाफ दाट येते. श्वास सोडायचाही नळीतच. वर बसवलेला कोळसा उरलेली वाफ शोषतो, नाहीतर गाडीतले कर्मचारी दिवसभर तीच हुंगत बसतील. नळी मनगटाला दोरीने अडकवलेली असते. रुग्णाला गुंगी आली की हात सैल पडतो आणि औषध आपोआप थांबतं.

ब्रिटनमध्ये अपघात विभागातल्या ३०० रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढल्याच वर्षी परवानगी मिळाली. मर्यादा काटेकोर: दिवसाला जास्तीत जास्त ६ मिलिलिटर, आठवड्याला १५. नळी हातात देण्याआधी अँब्युलन्सवाले दोन गोष्टी विचारून घेतात: किडनीचा काही त्रास आहे का, आणि तुम्हाला किंवा घरात कुणाला भुलीनंतर अंग तापून जिवावर बेतलं होतं का.