माहिती सुरक्षा: अभ्यासाला काय दिसतं, अनुभवाला काय दिसतं

सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेतलं नावाजलेलं प्रमाणपत्र. त्यासाठी परीक्षेसोबत ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित विषयाची पदवी असेल तर त्यातलं १ वर्ष माफ होतं. म्हणजे कॉलेजची सगळी वर्षं मिळून नोकरीचं एक वर्ष. हा हिशेब मला पटत नाही. पदवीला भाव कमी मिळाला ही माझी तक्रार नाही. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घातल्या, ही आहे.

सोनीचं प्लेस्टेशन ३ हे गेम खेळायचं यंत्र घ्या. त्यावर सोनीने डिजिटल सही केलेलंच सॉफ्टवेअर चालायचं. ईसीडीएसए या सहीच्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी नवी, कुणालाही ओळखता न येणारी संख्या निवडावी लागते. सोनी मात्र दर वेळी तीच संख्या वापरत होती. गंमत अशी की सह्या तपासल्या तर बिनचूक निघायच्या. चाचणीत काही अडत नव्हतं, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, एकही एरर नव्हता. पण दोन सह्यांत एकच संख्या आली की दोन समीकरणं आणि दोनच अज्ञात उरतात, आणि थोड्या बीजगणिताने सही करायची गुप्त किल्लीच हातात येते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या हॅकरांच्या गटाने हे सगळ्यांसमोर मांडलं. वीस वर्षं सर्व्हर सांभाळलेल्या माणसालाही इथे काही खटकलं नसतं, कारण बिघडलेलं काही दिसतच नव्हतं. ज्याने हे गणित शिकलंय, त्याला मात्र दोन सह्यांचा पहिला भाग सारखा दिसला की पुरे.

आता १२ मे २०१७ चा दिवस. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरत होता, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कॉम्प्युटर बंद पडले होते. असे व्हायरस तपासणाऱ्या बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्सकडे पदवी नव्हती. व्हायरसचा नमुना चालवून पाहताना तो एका लांबलचक, निरर्थक नावाच्या डोमेनला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, हाक मारतोय, हे त्याला दिसलं. डोमेन कुणी घेतलेलं नव्हतं. त्याने ते १०.६९ डॉलरला घेऊन टाकलं. बॉटनेटचा, म्हणजे व्हायरसने ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याचा, माग काढताना हचिन्स नेहमी हेच करायचा. त्या डोमेनकडून उत्तर आलं की वॉनाक्राय थांबतो, हे नंतर कळलं! आधी हात चालला, कारण मागाहून समजलं. असा हात वर्गात तयार होत नाही, रोज नमुने उघडून बसल्यानेच होतो.

पण अनुभव म्हणून मिरवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी अनुभव म्हणणार नाही. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं हा वर्षानुवर्षं अनुभवी लोकांचाच सल्ला होता. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. माणसं शेवटचा आकडा वाढवतात, ‘ए’च्या जागी ‘@’ लावतात; त्यामुळे जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत सापडत होता. सल्ला देणाऱ्यांना त्याचा परिणाम कधी दिसलाच नव्हता, म्हणून ती नुसती सवय राहिली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असं लिहिलं. आजही कित्येक ऑफिसांत ती चालूच आहे.