चार वाद्यांचं संगीत संगणकावर: काम देण्याआधी हे वाचा

स्वरलिपी सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि प्लेचं बटण दाबलं की अठराव्या शतकातल्या युरोपीय रचनाकार हायडनचं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) वाजायला लागतं. स्वर बरोबर, मात्रा बरोबर, तरी दोन मिनिटांत कान कंटाळतो. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

बडोद्याला कागदावरचे स्वर नवे नाहीत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली आणि त्यांनी शिकवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी बनवली. त्या शाळेतून वाढलेली संगीताची फॅकल्टी आजही सूरसागर तलावासमोर आहे. लिहिलेली चीज आणि गायलेली चीज यांत किती अंतर असतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्या क्वार्टेटचंही तसंच आहे.

आधी स्वराबद्दल, कारण आमचा बराचसा वेळ त्यातच जातो. सुरेल लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), आणि संगणक सुरुवातीला पेटीसारखाच वाजवतो. चांगले वादक मात्र सा-ग-प एकत्र धरताना गंधार खाली आणतात. म्हणून लांब ठहरावांवर आम्ही प्रत्येक वाद्याचा स्वर वेगळा लावतो. उलट, धून पुढे सरकताना शुद्ध निषाद षड्जाकडे जात असेल, तर तो किंचित चढाच ठेवतो.

मग लय. सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाची सोय असते. ती स्वर इकडेतिकडे थोडे हलवते. आम्ही ती वापरत नाही. माणसाचा उशीर असाच कुठेही होत नाही: गज उलटतो, वाक्य संपतं, पुढच्या आघातासाठी दम घेतला जातो. ही कारणं शोधून प्रत्येक ओळ हातानं बसवावी लागते. शिवाय तंतुवाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने उमटायलाच कधी कधी सेकंदाचा दहावा भाग घेतात, तेवढे ते आधी सरकवावे लागतात. लांब स्वराचा फुगवटा आणि त्यातलं कंपन ० ते १२७ या आकड्यांच्या वक्ररेषेनं काढतो.

ऐकून पाहायचं असेल, तर हायडनच्या ओपस ७६ मधल्या (ओपस म्हणजे रचनासंग्रहाचा क्रमांक) तिसऱ्या क्वार्टेटचा दुसरा भाग आमच्याकडे तयार आहे. त्यात एकच धून, जवळपास जशीच्या तशी, आधी दुसऱ्या व्हायोलिनकडे, मग चेलोकडे, मग व्हिओलाकडे आणि शेवटी परत पहिल्या व्हायोलिनकडे येते. (जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल तीच.) धून बदलत नाही, म्हणून वाजवणारा बदलल्याचं नेमकं कळतं. संगणकावर चारही आवाज सारखेच लागले, तर हा भाग फुकट गेला असं आम्ही मानतो.

व्हायोलिन शिकणाऱ्यांसाठी त्यांचा भाग वगळूनही ध्वनिफीत देतो. अशा वेळी सुरुवातीचा इशारा द्यायला समोर कोणी नसतं, म्हणून आधी एका आवर्तनाचे ठोके घालतो. सरावासाठी संथ लयीतलं रूप हवं असेल, तर तयार फीत ताणत नाही, गजाच्या रेषा नव्यानं काढतो. त्याचे पैसे वेगळे पडतात.

स्वरलिपी म्युझिकएक्सएमएल फाइलमध्ये (स्वरलिपीची सॉफ्टवेअरं एकमेकांना देतात तो प्रकार) असेल तर उत्तम, नाहीतर स्वच्छ पीडीएफ चालेल. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको. शार्प-फ्लॅटच्या (स्वर अर्ध्यानं चढा-उतरा करणाऱ्या) खुणा त्यात हरवतात. तुमच्या व्हायोलिनची ‘ए’ तार ४४० हर्ट्झला लावता की दुसऱ्या पट्टीला, तेही लिहून द्या.

हक्कांचं एवढं लक्षात असू द्या: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व राहतं. हायडन, मोझार्ट, बीथोव्हन यांना अडचण नाही. रशियन रचनाकार शोस्ताकोविच १९७५ साली गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांना परवानगी लागेल.

पहिला एक मिनिट तयार करून आम्ही तुम्हाला ऐकवतो. तो मोबाइलवर नको, बऱ्या स्पीकरवर ऐका आणि कुठे खटकलं ते बार क्रमांकासह (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेषांमधला भाग म्हणजे बार) कळवा. तुमचा होकार आल्यावरच पुढचं काम हाती घेतो.